कारभाऱ्यांच्या वतीने चालणे

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा माणसं आजच्याइतकी घाईत नसत, तरी पोहोचायची तिथे वेळेवर पोहोचत. त्या काळी एका टेकडीच्या पायथ्याशी एक लहानसं राज्य होतं. राज्याला एक राजा होता आणि राजाला एक कारभारी होते. राजा चांगला होता. कारभारी त्याहून चांगले होते, असं स्वतः कारभारी म्हणत.

कारभाऱ्यांचं घर कचेरीच्या अगदी समोर होतं. मध्ये फक्त रस्ता. रोज सकाळी चार भोई दारात पालखी आणत. कारभारी तिच्यात बसत, भोई रस्ता ओलांडत आणि कचेरीच्या दारात पालखी टेकवत. आत बसायला आणि बाहेर निघायला जेवढा वेळ लागे, त्याच्या पावपटही प्रवासाला लागत नसे.

एकदा कारभारीणबाईंनी विचारलं, "अहो, पायीच गेलात तर?"

"पायी गेलो तर कारभारी गेले हे लोकांना कळणार कसं?" कारभारी म्हणाले. "लोक म्हणतील, कुणीतरी गेलं."

यात कारभाऱ्यांचा एकट्याचा दोष नव्हता. त्या राज्याची रीतच तशी होती. मोठ्या माणसाने स्वतः काही करायचं नसे. त्याच्या वतीने दुसऱ्याने करायचं. राजाचे उपास पुजारी करी आणि पुण्य राजाला लागे. गावात लग्न असलं की कारभारी घरीच राहत आणि त्यांची पगडी तबकातून जाई. तिथे पगडीला पाटावर बसवत, अत्तर लावत, मानाचा विडा देत. पगडी परत आली की कारभारी पोटावरून हात फिरवत म्हणत, "लग्न छान झालं."

"आपल्या लग्नातही तुम्ही तलवारच पाठवणार होता," कारभारीणबाई म्हणत. "आमचे वडील अडून बसले म्हणून तुमचं दर्शन झालं."

या रीतीला अपवाद एकच होता, तो म्हणजे ग्वाही.

या ग्वाहीमागे एक जुनी हकिगत होती. राजाच्या पणजोबांच्या काळात शत्रू चालून आला. तेव्हाचे कारभारी ही खबर द्यायला टेकडी चढून देवळात बसलेल्या राजाकडे गेले. वर पोहोचले तेव्हा त्यांना असा काही दम लागला होता, की शत्रू कुठवर आला आहे हे त्यांना सांगताच येईना. ते छाती धरून "तो... तो..." करत राहिले, तोवर शत्रू स्वतःच वर आला. राज्य कसंबसं वाचलं. पण पणजोबांनी नियम घालून दिला: दर वर्षी सुगी संपली की कारभाऱ्याने पायी टेकडी चढायची. खालच्या वेशीपासून वरच्या चौथऱ्यापर्यंत नगारा वाजत राहील आणि तो वाजतोय तोवर थांबायचं नाही. वर पोहोचल्यावर राज्याच्या सगळ्या सीमा एका दमात, खणखणीत आवाजात सांगायच्या. कारभारी मध्येच थांबला, तर जो माणूस उरलेली ग्वाही तिथल्या तिथे पुरी करील तो कारभारी.

आपले कारभारी तरुणपणी नेमले गेले होते. तेव्हा टेकडी त्यांना काहीच वाटत नसे. पुढे दर वर्षी ती थोडी थोडी उंच होत गेली. मागच्या वर्षी तर दक्षिण सीमेशी येऊन त्यांचा आवाज बंद पडला, डोळ्यांत पाणी आलं आणि ओठ नुसतेच हलू लागले. लोकांना वाटलं, राज्यप्रेमाने कारभाऱ्यांना गहिवरून आलं. बायकांनी पदराने डोळे टिपले. म्हाताऱ्यांनी मान हलवली. तेवढ्यात कारभाऱ्यांना श्वास सापडला आणि त्यांनी उरलेल्या सीमा उरकल्या.

राजाला मात्र गहिवर आणि धाप यांतला फरक कळत होता. परतताना तो म्हणाला, "कारभारी, पुढच्या वर्षी गहिवरायचं असेल तर ग्वाही संपल्यावर गहिवरा."

त्या रात्री कारभाऱ्यांना झोप लागली नाही. पद गेलं तर पालखी जाणार. पालखी गेली तर ते कुणीतरी होणार. आणि कुणीतरी होण्याचा त्यांना अजिबात सराव नव्हता.

सकाळ होताच पालखी वैद्यबुवांच्या दारात टेकली. वैद्यबुवा वयाने फार म्हातारे, अंगाने काटकुळे आणि बोलायला तुसडे होते. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, बाहेर घाम पुसत बसलेले भोई पाहिले आणि म्हणाले, "रोज सकाळी भरभर चाला."

"भरभर म्हणजे किती?"

"शेजारच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाता आलं, तर तुम्ही नुसते हिंडताय. बोलताही येईना, तर तुम्ही पळताय. त्याच्या मधलं ते चालणं."

"आणि औषध?"

"हेच."

"एखादं चूर्ण? काढा? कितीही कडू असला तरी घेईन."

"कडूच आहे. सुरुवातीला."

कारभाऱ्यांनी घासाघीस केली. "रोज कशाला? आठवड्यातून एकदाच चांगलं लांबवर चालून टाकलं तर?"

"झोपही आठवड्यातून एकदाच लांबलचक काढता का?"

झोप कारभारी दिवसातून दोनदा काढत.

"नेमाने चाललात तर दम वाढेल," वैद्यबुवा म्हणाले. "छातीतली धडधड ताळ्यावर येईल, गुडघ्यांची कुरकुर कमी होईल, गाढ झोप लागेल. स्वभावही सुधारेल."

"स्वभावाला काय झालंय?"

"काही नाही. तो आपला जाता जाता सुधारेल."

कारभारी घरी आले ते निश्चिंत होऊन. उपाय सोपा होता. त्यांनी कचेरीतल्या आपल्या कारकुनाला बोलावलं. हा कारकून पोक्त, गोल आणि अतिशय आज्ञाधारक होता. इतक्या वर्षांत तो बैठकीवरून उठला असेल तर फक्त बैठक झाडायला.

"उद्यापासून तुम्ही आमच्या वतीने चालायचं," कारभारी म्हणाले.

"कुठे जायचं, सरकार?"

"कुठे नाही. नुसतं भरभर चालायचं."

"परत यायचं का?"

"यायचं."

"मग जायचं कशाला?"

"ते वैद्यबुवांना ठाऊक. चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये."

"मला मुळातच गाता येत नाही, सरकार."

"मग अर्धं काम झालेलंच आहे," कारभारी म्हणाले. कामात कसूर राहू नये म्हणून त्यांनी आपली पगडी कारकुनाच्या डोक्यावर ठेवली आणि आपले जोडे त्याच्या पायांत घालायला दिले.

दुसऱ्या दिवसापासून गावाने रोज सकाळी कारभाऱ्यांची पगडी आणि कारभाऱ्यांचे जोडे भरभर जाताना पाहिले. लोक पगडीला मुजरा करत. कारभारी माडीच्या खिडकीत बसून हे पाहत आणि पाहता पाहता बेसनाचा लाडू खात. एवढं चालल्यावर भूक लागणारच, असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिले काही दिवस कारकून परत आला की ओसरीवर आडवा होई. मग नुसता टेके. मग उभ्याउभ्याच वर्दी देऊ लागला.

"आज नदीपर्यंत गेलो, सरकार. धाप कमी लागली."

"छान," कारभारी म्हणत आणि संध्याकाळी राजाला सांगत, "महाराज, आज मी नदीपर्यंत गेलो. धाप कमी लागली."

सुगी जवळ येत गेली तसा कारकून बदलत गेला. त्याला कंबरपट्टा पुन्हा आवळून बांधावा लागला. जिना चढताना कठड्याला धरणं सुटलं. रात्री पडल्या पडल्या झोप लागू लागली. पूर्वी तो अर्ज घेऊन आलेल्या माणसावर खेकसे. आता त्याला बसायला सांगू लागला, त्यामुळे अर्जदार घाबरू लागले.

"बघा, अंगात केवढा फरक पडला," कारभारी कौतुकाने म्हणाले.

"त्यांच्या," कारभारीणबाई म्हणाल्या. "तुमच्या वतीने ते बारीक होताहेत."

"कायद्याने तो बारीकपणा माझाच."

"मग कायद्याने बसा पालखीत. भोई काल माझ्याकडे पाठीला लावायला तेल मागत होते."

ग्वाहीच्या आदल्या आठवड्यात कारभारी वैद्यबुवांकडे गेले, ते शाबासकी घ्यायला. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चालता का रोज?"

"न चुकता. भर पावसातही खाडा नाही."

"नाडी तर होती तशीच आहे. थोडी बिघडलीच आहे."

"असं कसं होईल? कालच तर फार सुधारली होती. दोन ओढे ओलांडून गेलो, तरी श्वास फुलला नाही."

"कुणाचा?"

"आमच्या कारकुनाचा."

वैद्यबुवांनी हात सोडला. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी नाना रोगी पाहिले होते: औषध ओतून देणारे, पथ्य मोडणारे, दोन वैद्यांचे काढे एकत्र करणारे. पण रोग स्वतःकडे ठेवून औषध दुसऱ्याला देणारा पहिलाच होता.

"कारभारी," ते शेवटी म्हणाले, "आता आठवड्यात काही व्हायचं नाही. टेकडी थांबत थांबत चढा आणि कमी बोला."

नेमक्या याच दोन गोष्टींना ग्वाहीत मनाई होती.

ग्वाहीचा दिवस उजाडला. वर चौथऱ्यावर राजा बसला होता, भोवती सारं गाव जमलं होतं. खाली नगाऱ्यावर टिपरी पडली आणि कारभारी निघाले. त्यांच्यामागे, रीतीप्रमाणे पंचा आणि पाण्याचा तांब्या घेऊन, कारकून निघाला. पहिल्या वळणावर कारभाऱ्यांचा चेहरा लाल झाला, दुसऱ्या वळणावर जांभळा झाला आणि तिसऱ्या वळणावर त्याला कुठला रंग म्हणावं हे लोकांना ठरवता येईना. तरी ते थांबले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पद फार प्रिय असलं की माणूस गुडघ्यांचं ऐकत नाही.

चौथऱ्यावर पाय टेकताच त्यांनी सुरुवात केली. "पूर्वेला... बाभळीचा ओढा आपला. ओढ्यापलीकडचा माळ... आपला. दक्षिणेला जुनं तळं, तळ्याकाठची... वेस आपली. पश्चिमेला..."

इथे आवाज संपला. कारभाऱ्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. हाताने त्यांनी पश्चिम दिशा दाखवली, पण नुसता हात दाखवून ग्वाही होत नाही. काही क्षण राज्याची सबंध पश्चिम बाजू बेवारस पडली.

आणि मागून खणखणीत आवाज आला, "पश्चिमेला घाट आपला, घाटाखालचं रान आपलं, रानातली पायवाट आपली. उत्तरेला नदी आपली, नदीचे दोन्ही काठ आपले, आणि ही टेकडी, जिच्यावर आपण उभे आहोत, तीही आपलीच."

कारकुनाच्या हातातल्या तांब्यातलं पाणीसुद्धा हललं नव्हतं. खरं तर त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. इतके महिने तो कारभाऱ्यांच्या वतीने चालला होता. आता कारभाऱ्यांच्या वतीने बोलला.

कारभाऱ्यांना श्वास सापडला तसे ते म्हणाले, "बरोबर आहे, महाराज. ग्वाही पुरी झाली. माझ्या वतीने."

"ग्वाहीला वतीने नसतं," राजा म्हणाला, आणि त्याने मानाची शाल कारकुनाच्या खांद्यावर घातली.

खाली वेशीत पालखी उभी होती. जुने कारभारी सवयीने तिच्याकडे वळले. थोरला भोई हात जोडून म्हणाला, "माफी असावी. पालखी पदाची आहे." मग चौघांनी नव्या कारभाऱ्यांना उचललं आणि, खोटं कशाला सांगा, चौघांचेही चेहरे उजळले. नवे कारभारी वजनाला फार हलके होते.

जुने कारभारी घरी पायी आले. कारभारीणबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "या. कुणीतरी आलं असं वाटलंच." मग त्यांनी पाय धुवायला ऊन पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुने कारभारी रागाने पेटून उठले. दोष कुणाचा हे रात्रभरात ठरलं होतं: वैद्यबुवांचा. औषध स्वतःच घ्यायचं असतं, हे त्यांनी स्पष्ट सांगायला नको होतं? त्यांच्याशी भांडायचं म्हणून कारभारी निघाले. वैद्यबुवांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर "काय, कारभारी, आज पायी?" विचारायला एकेक जण बसला होता. सावकाश जावं तर प्रत्येकाला उत्तर देणं आलं. म्हणून कारभारी भरभर चालले. वैद्यबुवांना काय काय सुनवायचं ते मोठ्याने घोकत चालले. गाण्याची इच्छा होण्यासारखी त्यांची मनःस्थिती नव्हतीच.

पोहोचले तेव्हा भांडायला दम उरला नव्हता. वैद्यबुवांनी त्यांना पाणी दिलं, श्वास खाली बसू दिला आणि सारं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. उरलेलं भांडण उद्या करू."

कारभारी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्याही दिवशी गेले. मग वैद्यबुवा म्हणाले, "उद्या मी नदीकाठी मुळ्या खणायला जाणार आहे. भांडायचं असेल तर तिकडे या." काही दिवसांनी त्यांच्या मुळ्या नदीपलीकडे उगवू लागल्या, आणि पुढे पुढे तर टेकडीच्या उतारावर. म्हाताऱ्याला एवढ्या मुळ्या कशाला लागतात, असं कारभाऱ्यांच्या मनात येई. पण भांडण अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ते जात राहिले. पाऊस असला तर डोक्यावर घोंगडी घेऊन जात.

एका सकाळी कारभारीणबाई म्हणाल्या, "काल रात्री तुम्ही घोरला नाहीत. मी उठून दिवा लावून पाहिलं, आहात ना ते."

आणि एका सकाळी कारभारी टेकडीच्या उतारावर पोहोचले, वैद्यबुवांसमोर उभे राहिले, बोलायला तोंड उघडलं, आणि भांडण नेमकं कशाचं होतं ते त्यांना आठवेना. श्वास मात्र भरपूर होता.

"बसा," वैद्यबुवा म्हणाले. "आज नुसत्याच गप्पा मारू." त्या दिवशी त्यांनी मुळ्या खणल्या नाहीत. जवळ कुदळही नव्हती.

इकडे नव्या कारभाऱ्यांचं काय झालं? पहिले काही दिवस ते पहाटे चालायला निघत. पण लोक कुजबुजत, "कारभारी आणि पायी? राज्य इतकं बुडीत निघालं का?" नव्या कारभाऱ्यांना ते लागलं. शिवाय त्यांनी विचार केला, की गेल्या वर्षी आपण इतकं चाललो आहोत की ते अंगात साठलं असणार, अडीअडचणीला निघेल. ते पालखीत बसू लागले. अर्ज घेऊन येणाऱ्यांवर पुन्हा खेकसू लागले, त्यामुळे अर्जदारांना हायसं वाटलं. कंबरपट्टा सैल करावा लागला. आणि भोई पुन्हा तेल मागू लागले, या वेळी दुसऱ्या घरी.

सुगी संपली. नगारा वाजला. नवे कारभारी टेकडी चढले, जवळजवळ तेच रंग त्याच क्रमाने त्यांच्या चेहऱ्यावरून गेले. चौथऱ्यावर येऊन त्यांनी ग्वाही सुरू केली. बाभळीचा ओढा झाला, माळ झाला. "दक्षिणेला जुनं..." म्हणून ते थांबले. गेल्या वर्षीचं चालणं अंगात कुठेही शिल्लक नव्हतं. त्यांनी छातीवर हात ठेवला. बायकांनी पदर हातात घेतले.

जुने कारभारी गर्दीत उभे होते. ते पुढे पळत गेले नाहीत, शालीकडे पाहिलंही नाही. पण सारं आयुष्य त्यांनी मसुदे तपासण्यात घालवलं होतं आणि अर्धं राहिलेलं वाक्य त्यांना कधी सहन झालं नव्हतं. "तळं," ते म्हणाले. "दक्षिणेला जुनं तळं आपलं." मग एकदा सुरुवात केलीच होती म्हणून पुढची वेस, घाट, रान, पायवाट, नदी आणि टेकडी त्यांनी सांगून टाकली, तेही नुकतेच चढून आलेले असताना. आवाज पलीकडच्या उतारापर्यंत गेला.

राजाने शाल त्यांच्या खांद्यावर घातली. "स्वतःच्या वतीने?" त्याने विचारलं.

"या वेळी तसंच दिसतंय, महाराज."

सारे खाली वेशीत आले. पालखी उभी होती. कारभारी आता पालखी मोडून टाकतील, निदान तिची लाकडं देवळाला देतील, असा लोकांचा अंदाज होता. थोरल्या भोयाने तर घरी जायची तयारीही केली होती.

पण कारभारी इतकी वर्षं उगाच कारभारी नव्हते. त्यांनी पालखीवरून हात फिरवला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्याआधीच्या कारभाऱ्यांनी राज्याची मोठी सेवा केली. तिची आठवण म्हणून ही पालखी त्यांना तहहयात बहाल. त्यांना एक पाऊलही चालावं लागता कामा नये."

कारकुनाच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी तो खरा गहिवर होता.

पुढे राज्यात ज्या ज्या माणसाने कारभारीपदाकडे डोळा लावला, त्याला कारभाऱ्यांनी मोठ्या सन्मानाने एकेक पालखी दिली. कचेरीतल्या थोरल्या लेखनिकाला दिली, राजाच्या मेहुण्याला दिली, शेजारच्या गावच्या महत्त्वाकांक्षी पाटलाला तर चांदीच्या घुंगरांची दिली. भोयांची संख्या वाढली आणि साऱ्या राज्यात धडधाकट माणसं तेवढीच उरली, असं लोक म्हणत. कारभारी मात्र रोज सकाळी टेकडीवर भरभर जाऊन येत आणि दर वर्षी चारही सीमा एका दमात सांगत. ते पार म्हातारे झाले तरी त्यांची जागा घ्यायला कुणी वरपर्यंत पोहोचलंच नाही.

एकदा उतारावर वैद्यबुवांनी त्यांना विचारलं, "या पालख्या वाटायचं औषध कुठल्या वैद्याने सांगितलं?"

"तुमचंच आहे, बुवा," कारभारी म्हणाले. "फक्त उलटं करून देतो."

तात्पर्य: चालणं जेवणासारखं असतं, आपलं दुसऱ्याने केलेलं अंगी लागत नाही, आणि कालचं आज पुरत नाही.